छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद)

मराठवाड्याचे विभागीय मुख्यालय व दख्खनची एके काळची राजधानी असलेले हे शहर खाम नदीच्या काठी, उत्तरेस लेण्यांचा डोंगर आणि दक्षिणेस साताऱ्याच्या टेकड्या यांच्या दरम्यान वसले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ११,७५,११६ होती. खडकी, फतेहनगर, औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर अशी नावे या शहरास वेळोवेळी मिळाली आहेत.

नगराच्या स्थापनेचे श्रेय अहमदनगरच्या निजामशाहीचा हबशी वजीर मलिक अंबर (मृत्यू १६२६) याला दिले जाते. स्थापनेच्या वर्षाबद्दल मात्र एकमत नाही. बहुतेक जुने ग्रंथ १६१० हे वर्ष देतात, तर काही लेखक ते १६१६ पर्यंत पुढे आणतात. १६१६ मध्ये मोगल सैन्याने अंबरचा पराभव करून खडकीची लूट व जाळपोळ केल्याचे तत्कालीन वृत्तान्तांत आढळते. लुटण्याजोगे नगर त्यापूर्वी काही वर्षे तरी उभे असले पाहिजे, हे लक्षात घेता आधीचा काळ अधिक ग्राह्य वाटतो. १६१६ च्या सुमाराची म्हणून जी बांधकामे सांगितली जातात, ती मूळ स्थापनेपेक्षा लुटीनंतरच्या पुनर्रचनेत मोडत असावीत. निजामशहाचे तख्त या काळात दौलताबादेस होते. त्यामुळे खडकी ही औपचारिक राजधानी होती, की केवळ वजिराचे निवासस्थान व लष्करी ठाणे, हा प्रश्न राहतोच. कारभार प्रत्यक्षात अंबरच्या हाती असल्याने तिला राजधानी म्हणण्याचा प्रघात पडला आहे आणि तो अवास्तव नाही. या जागी त्याही पूर्वी वस्ती होती, हे शहराजवळच्या बौद्ध लेण्यांवरून उघड होते. त्यांपैकी चैत्यगृह बरेच जुने असून उरलेली बहुतेक लेणी सहाव्या-सातव्या शतकांतील मानली जातात.

अंबरचा पुत्र फतेहखान याने नगरास फतेहनगर हे नाव दिले. शाहजादा औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार म्हणून आल्यावर, १६५३ च्या सुमारास, ते औरंगाबाद झाले. बादशहा झाल्यानंतर तो १६८२ मध्ये पुन्हा येथे आला. मराठ्यांच्या स्वाऱ्यांपासून बचावासाठी शहराभोवती तट उभारण्यात आला तो याच सुमारास. शहराला बावन्न दरवाजे असल्याचे नेहमी सांगितले जाते. त्यांत तटाचे मुख्य दरवाजे, खिडक्या आणि वेगवेगळ्या पुऱ्यांच्या (पेठांच्या) वेशी असे सगळेच मोजले असावे. भडकल दरवाजा या तटापेक्षा जुना, अंबरच्या काळातला आहे. पुढे आसफजाही (हैदराबादच्या निजामांच्या) राजवटीतही राजधानी काही काळ येथेच होती. ती १७६३ च्या सुमारास हैदराबादेस गेली आणि शहराचे राजकीय महत्त्व ओसरले.

बारमाही मोठी नदी नसलेल्या या जागी राजधानी टिकू शकली ती बाहेरून आणलेल्या पाण्यावर. अंबरने बांधलेली नहर-ए-अंबरी १६१७ च्या सुमाराची मानतात. शहराच्या उत्तरेकडील खाम खोऱ्यात जमिनीखाली झिरपणारे पाणी चुनेगच्ची भुयारात गोळा करून ते केवळ उताराच्या आधाराने वस्तीपर्यंत आणले जाई. भुयारावर ठरावीक अंतराने विहिरीसारखी तोंडे ठेवलेली असून त्यांतून हवा खेळे आणि गाळ काढण्यासाठी माणूस आत उतरू शके. पुढे नहरींची संख्या वाढली. थत्ते नहर बेगमपुऱ्याकडे, तर पाणचक्कीची नहर बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याकडे पाणी आणी. नंतरच्या या नहरींत भुयाराच्या जोडीला खापरी नळही वापरले आहेत. नळ सखल भागातून जाताना पाण्याचा दाब वाढतो आणि आत कोंडलेली हवा प्रवाह अडवते, म्हणून वाटेत विटा-चुन्याचे उंच उच्छ्वास (मनोरे) उभारत. पाणी त्यांत वर चढून दुसऱ्या नळाने पुढे उतरे, त्यामुळे दाब मोकळा होई आणि खापरी नळ फुटत नसे. पाणचक्कीजवळ हेच पाणी उंच भिंतीत चढवून हौदात धबधब्यासारखे सोडले आहे, आणि त्याच्या जोरावर लोखंडी पात्यांचे चक्र फिरून जाते चाले. दर्ग्यातील फकीर, विद्यार्थी व वाटसरू यांच्यासाठी त्यावर पीठ दळले जाई. पाणचक्कीचा काळ काही जण १६९५ चा, तर काही १७४४ चा देतात. दर्ग्याचे बांधकाम टप्प्याटप्प्याने झाले असल्याने दोन्ही वर्षे वेगवेगळ्या टप्प्यांची असण्याचा संभव आहे.

या विद्येचे मूळ सामान्यतः इराणी कनातींत (भुयारी जलमार्गांत) शोधले जाते. बीदरची भुयारी नहर पंधराव्या शतकातील मानली जाते आणि बुऱ्हाणपूरची मोगल योजना अंबरच्या नहरीची जवळजवळ समकालीन आहे, तेव्हा दख्खनमध्ये हे तंत्र परके नव्हते. परंतु अंबरची बहुतेक कारकीर्द ज्या राज्यात गेली, त्या निजामशाहीच्या अहमदनगरातच आसपासच्या गावांहून आणलेल्या नहरींचे जाळे होते. त्याचा अनुभव खडकीत उपयोगी पडला, हे मत दूरच्या मुलुखातून थेट आलेल्या प्रभावापेक्षा सरळ आहे. आजचा पाणीपुरवठा मात्र पैठणजवळच्या जायकवाडी धरणातून पंप लावून होतो.

दरबार व छावणी यांच्या मागणीवर शहरातील कारागिरी पोसली गेली. त्यांत हिमरू विशेष प्रसिद्ध आहे. महाग किनखाबाला (जरीच्या रेशमी कापडाला) पर्याय म्हणून हे कापड आले असावे. त्यात सुती ताण्यावर (उभ्या धाग्यांवर) रेशमी बाण्याने (आडव्या धाग्यांनी) वेलबुट्टी उठवतात. नक्षीचे जादा धागे पाठीमागे सुटे राहून अस्तरासारखा मऊ थर तयार होतो, आणि शाल व शेरवानीसाठी हे कापड पसंत केले जाते ते याच गुणामुळे. मश्रू या दुसऱ्या कापडाची रीत उलट आहे. त्यात ताणा रेशमी व बाणा सुती असून विणीमुळे रेशीम वरच्या अंगाला व सूत कातडीच्या बाजूला येते. हिमरूचे विणकर महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादेस हलवली तेव्हा आले, अशी परंपरा आहे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यातील हातकागदाबाबतही हेच सांगितले जाते. विशिष्ट विणीचा उगम एका स्थलांतराशी इतका नेमका जोडणे धाडसाचे आहे. राजधानी हैदराबादेस हलल्यावर ही कारागिरी आक्रसली आणि पुढे यंत्रमागाने तिचा बाजार आणखी घटवला.

१९०० मध्ये मनमाड-हैदराबाद लोहमार्गाने शहर रेल्वेच्या नकाशावर आले. आधुनिक उद्योगांची वाढ महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरची आहे. चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्रा येथील औद्योगिक वसाहतींत दुचाकी व मोटारींचे सुटे भाग, औषधे व मद्यनिर्मिती हे उद्योग प्रमुख आहेत. वेरूळ-अजिंठ्यामुळे पर्यटनाचा आधारही आहे.

औरंगजेबाची पत्नी दिलरसबानू हिच्या स्मरणार्थ बांधलेला बीबीचा मकबरा १६६०-६१ च्या सुमारास पूर्ण झाला, असे बहुधा मानले जाते. त्याचे श्रेय तिचा पुत्र आझमशहा याला देण्याची प्रथा आहे. १६५३ मध्ये जन्मलेला हा शाहजादा त्या वेळी सात-आठ वर्षांचा होता, तेव्हा मूळ आज्ञा व खर्च औरंगजेबाचा आणि डागडुजी पुढे मुलाची, ही मांडणी अधिक पटते.

साहित्यात शहराचा वाटा दुहेरी आहे. दखनी-उर्दू कवी वली याचे जन्मस्थान औरंगाबाद की गुजरात, हा वाद जुना आहे. सिराज औरंगाबादी मात्र निर्विवादपणे येथला. अठराव्या शतकातील कीर्तनकार कवी अमृतराय यांच्या कटावरचना (अनुप्रासयुक्त, लयबद्ध पद्ये) याच शहरात झाल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये येथे महाविद्यालय काढले, १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, आणि दीर्घ नामांतर आंदोलनानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी त्याला आंबेडकरांचे नाव जोडले गेले.

ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, पिठले व ठेचा हा परिसराचा रोजचा आहार शहरातही आहे. वेगळे नाव घ्यावे ते नान-कलियाचे. कलिया म्हणजे मटणाचा मसालेदार, तेलाची तर्री वर आलेला रस्सा. सोबतचा नान तंदुरात भाजतात व त्यावर गुळाच्या पाण्याचा हात फिरवल्याने त्याला पिवळसर तकाकी येते. तुघलकाच्या सैन्याचे हे सामुदायिक जेवण होते, असे सांगतात. मोठ्या देगीत एकदम शिजवता येणारा रस्सा आणि टिकणारी रोटी ही जोडी छावणीला साजेशी आहे खरी, पण आधार तोंडी परंपरेचाच. लग्नाच्या दावतीत व रमजानच्या दिवसांत जुन्या शहरातील भटारखान्यांत हा पदार्थ मोठ्या प्रमाणावर बनतो.