मोजलेलं थोडं, रंगवलेलं सगळं

जगभरच्या मातीचा एक नकाशा आहे, 'सॉइलग्रिड्स' नावाचा. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनची इसरिक ही संस्था तो तयार करते. २०१७ साली आलेल्या त्याच्या आवृत्तीत जमिनीचे २५० मीटर बाजूचे चौकोन पाडले होते आणि प्रत्येक चौकोनात मातीची आम्लता किती, सेंद्रिय कर्ब किती, चिकणमाती किती, हे आकडे भरले होते. कायम बर्फाखाली असलेली जमीन वगळली तरी असे चौकोन २०० कोटींच्या घरात जातात. प्रत्यक्ष खड्डा खणून किंवा गिरमिट घालून माती तपासलेली ठिकाणं मात्र होती साधारण दीड लाख. म्हणजे तेरा-चौदा हजार चौकोनांमागे मोजलेला एक. बाकी सगळे गणितानं भरलेले.

यात लबाडी काही नाही. पावसाचे, हवेच्या प्रदूषणाचे, भूजलाचे, रोगांच्या प्रसाराचे बहुतेक नकाशे असेच बनतात. थोड्या जागी मोजायचं आणि मधली जागा अंदाजानं भरायची. भौगोलिक माहिती विज्ञानातला मोठा भाग याच उद्योगाचा आहे. हा अंदाज कशाच्या जोरावर करायचा, हे बऱ्यापैकी जुनं ज्ञान आहे. त्यावर कितपत विसंबायचं, यावरून मात्र गेल्या दहा वर्षांत या क्षेत्रात चांगलीच खडाजंगी झाली आहे, आणि मला स्वतःला नव्या उपग्रहांपेक्षा ती जास्त रंजक वाटते.

आधी जोर कशाचा ते पाहू. १९७० मध्ये वॉल्डो टोब्लर हा भूगोलतज्ज्ञ डेट्रॉइट शहराच्या वाढीचं संगणकीय मॉडेल करत होता. त्या निबंधात त्यानं जाता जाता लिहिलं की प्रत्येक गोष्टीचा प्रत्येक गोष्टीशी संबंध असतो, पण दूरच्यांपेक्षा जवळच्यांचा अधिक. पुढे लोकांनी याला 'भूगोलाचा पहिला नियम' करून टाकलं. वाक्य इतकं साधं की नियम म्हणायला संकोच वाटावा. पण हे खरं नसतं तर दोन पर्जन्यमापकांच्या मधल्या जागी किती पाऊस पडला, याबद्दल कुणालाच काही बोलता आलं नसतं.

खाणीतल्या माणसांना मात्र हा नियम टोब्लरच्या आधीच आकड्यांत मांडावा लागला होता. दक्षिण आफ्रिकेत विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींमध्ये डॅनी क्रिग नावाचा अभियंता काम करायचा. मोजक्या नमुन्यांवरून खडकाच्या कुठल्या भागात किती सोनं मिळेल ते सांगायचं, हा तिथला रोजचा प्रश्न. क्रिगच्या लक्षात आलं की नमुन्यांवरून जे भाग फार श्रीमंत वाटतात ते खोदल्यावर अंदाजापेक्षा कमी निघतात, आणि जे दरिद्री वाटतात ते थोडे बरे निघतात. त्याचा यावरचा प्रबंध १९५१ चा. नंतर फ्रान्सच्या जॉर्ज माथेराँनं त्याला पक्का गणिती पाया दिला आणि पद्धतीचं नाव ठेवलं 'क्रिगिंग'.

क्रिगिंगची खुबी जवळून पाहण्यासारखी आहे. सुरुवातीला नमुन्यांच्या सगळ्या जोड्या घ्यायच्या. प्रत्येक जोडीतलं अंतर किती आणि दोन मोजण्यांमधला फरक किती, ते मांडायचं. या आलेखाला व्हॅरिओग्राम म्हणतात. अंतर वाढेल तसा फरक वाढत जातो आणि बहुधा एका टप्प्यानंतर सपाट होतो. त्या टप्प्यापलीकडच्या दोन ठिकाणांना एकमेकांबद्दल काही सांगता येत नाही. हा टप्पा कधी काही मीटरचा असतो, कधी शंभर किलोमीटरचा. ते त्या जागेवर आणि आपण काय मोजतोय त्यावर अवलंबून.

आता समजा, एका जागेचा अंदाज हवा आहे. तिच्या पूर्वेला तीन नमुने एकमेकांना खेटून घेतलेले आहेत आणि पश्चिमेला तेवढ्याच अंतरावर एकच. सरळ सरासरी काढली तर पूर्वेचं पारडं तिप्पट जड होईल. पण पूर्वेचे ते तीन नमुने जवळजवळ एकच गोष्ट तीनदा सांगत आहेत. व्हॅरिओग्राम हाताशी असला की क्रिगिंगला हे कळतं. ते तिघांना मिळून एका नमुन्यापेक्षा फारसं जास्त वजन देत नाही. शिवाय प्रत्येक अंदाजासोबत तो किती चुकू शकतो, याचाही आकडा हाती येतो.

एक खोट तरीही राहते. क्रिगिंगचा नकाशा खऱ्या जमिनीपेक्षा गुळगुळीत असतो, टोकाच्या किमती बोथट होतात. प्रदूषणाचा कमाल आकडा हवा असेल तर हे महागात पडतं. त्यावर उपाय म्हणून एकाऐवजी शेकडो नकाशे तयार करतात. प्रत्येक नकाशा मोजलेल्या जागी तंतोतंत जुळतो, मधल्या भागात वेगळा, पण खऱ्या जमिनीइतकाच खडबडीत. मग शंभरपैकी किती नकाशांत अमुक जागी धोक्याची पातळी ओलांडली गेली, ते मोजायचं. सामान्य वाचकापर्यंत यातला एकच नकाशा पोचतो, ही वेगळी तक्रार.

मग चित्र पालटलं. लँडसॅट उपग्रहांच्या प्रतिमा २००८ पासून फुकट झाल्या. २०१५ मध्ये युरोपचा सेंटिनेल-२ आला आणि त्याचा जोडीदार दाखल झाल्यावर १० मीटर तपशिलाची चित्रं विषुववृत्तावरसुद्धा दर पाच दिवसांनी मिळू लागली. उंची, उतार, तापमान, पाऊस, हिरवाई असे डझनावारी थर प्रत्येक चौकोनासाठी उपलब्ध झाले. साहजिकच मशीन लर्निंग आलं. मोजलेल्या ठिकाणी हे थर आणि मोजलेला आकडा यांतलं नातं मॉडेलनं शिकायचं आणि उरलेल्या जगात ते लावायचं. सॉइलग्रिड्सही असाच बनलेला आहे. २०१६ मध्ये स्टॅनफर्डच्या एका गटानं पाच आफ्रिकी देशांतल्या गावांची आर्थिक स्थिती दिवसाच्या उपग्रहचित्रांवरून ओळखून दाखवली, तेव्हा तर या पद्धतीचा बोलबाला झाला.

घोळ झाला तो या मॉडेलांची परीक्षा घेण्यात. नेहमीची रीत अशी की मोजलेल्या ठिकाणांपैकी काही चिठ्ठ्या टाकून बाजूला काढायची, बाकीच्यांवर मॉडेलला शिकवायचं आणि बाजूला काढलेल्यांवर तपासायचं. मांजरांचे फोटो ओळखायचे असतील तर हे ठीक. नकाशाच्या बाबतीत मात्र टोब्लर आडवा येतो. बाजूला काढलेल्या प्रत्येक ठिकाणाच्या अगदी शेजारची दोन-चार ठिकाणं शिकवणीच्या गठ्ठ्यात राहिलेली असतात, आणि ती त्याच्यासारखीच असतात. वर्गात सोडवून घेतलेलीच गणितं आकडे थोडे बदलून पेपरात द्यावीत, तसं हे. गुण भरघोस पडतात, पण गणित येतं का ते कळत नाही.

याचा सर्वांत लख्ख पुरावा मध्य आफ्रिकेतल्या वनांचा आहे. तिथल्या जंगलांत किती जैवभार, म्हणजे पर्यायानं किती कार्बन साठलाय, याचे नकाशे हवामानविषयक हिशेबांसाठी फार मोलाचे. २०२० मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आलेल्या अभ्यासात संशोधकांनी १ कोटी १८ लाख झाडांची वनगणना वापरली. उपग्रह आणि पर्यावरणाचे थर देऊन मॉडेलला शिकवलं आणि नेहमीच्या चिठ्ठ्या टाकून तपासलं. मॉडेलला जैवभारातल्या चढउतारांपैकी निम्म्याहून जास्त भाग सांगता आला. असा आकडा आला की नकाशा छापायला हरकत नसते. मग त्यांनी तपासणीची ठिकाणं शिकवणीच्या ठिकाणांपासून दूर ठेवली. मॉडेलची कुवत जवळजवळ शून्यावर आली.

म्हणजे मॉडेल शिकलं काय होतं? तर पत्ता. तापमान आणि पाऊस जागेनुसार हळूहळू बदलतात, त्यामुळे असे दहा थर एकत्र केले की प्रत्येक ठिकाणाची जणू खूणगाठ तयार होते. मॉडेल ती ओळखून शेजारच्या प्लॉटचा आकडा सांगत होतं. झाडं तिथे जास्त का, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. काही जण तर अक्षांश-रेखांशच थर म्हणून देतात. त्यानं ही खोड आणखी बळावते, आणि नकाशात कधी कधी निसर्गाला न शोभणारे सरळसोट पट्टे उमटतात.

यावर सुचलेला पहिला उपाय सरळ होता. नकाशाचे मोठे ठोकळे पाडायचे आणि परीक्षेसाठी अख्खा ठोकळाच बाजूला काढायचा. ही पद्धत झपाट्यानं रुजली. पण २०२१ मध्ये वाडू, हॉयव्हेलिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नकाशाची अचूकता तपासायची ही योग्य पद्धत नव्हे' असं थेट शीर्षकातच लिहून टाकलं. त्यांचं म्हणणं असं की ठोकळ्यांची परीक्षा गरजेपेक्षा कडक ठरू शकते. नमुने सगळीकडे नीट पसरलेले असतील तर नकाशातल्या बहुतेक जागांना जवळ कुठे तरी नमुना असतोच, मग मॉडेलला शेकडो किलोमीटर दूरचा प्रश्न का विचारायचा? खरी परीक्षा हवी तर संख्याशास्त्राच्या नियमानं यादृच्छिक जागा निवडा आणि तिथे जाऊन मोजा.

दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत, असं मला वाटतं, आणि हे पळवाट म्हणून म्हणत नाही. २०२२ मध्ये पुढे आलेली एक पद्धत नेमकं हेच आकड्यांत पकडते. नकाशातल्या प्रत्येक जागेपासून जवळचा नमुना किती दूर आहे ते आधी मोजायचं. मग परीक्षेतही अंतरांची तशीच वाटणी होईल अशा बेतानं ठिकाणं वगळायची. नमुने सर्वत्र विखुरलेले असतील तर परीक्षा आपोआप सौम्य होते, एका कोपऱ्यात दाटलेले असतील तर कडक.

याच्याही पुढचं पाऊल हाना मायर आणि एद्झर पेबेस्मा यांचं. जर्मनीतल्या म्युन्स्टर विद्यापीठातल्या या दोघांनी २०२१ मध्ये नकाशाच्या 'लागू क्षेत्रा'ची कल्पना मांडली. प्रत्येक चौकोनाचे थर शिकवणीतल्या थरांशी ताडून पाहायचे. मॉडेलनं कधी न पाहिलेलं उंची-पाऊस-तापमानाचं मिश्रण असेल तर तो चौकोन लागू क्षेत्राबाहेर, तिथे रंग भरायचाच नाही. सगळ्या जगाचा म्हणून दिमाखात मांडलेल्या नकाशाला ही चाळणी लावली की भलेमोठे भूभाग कोरे पडू शकतात, कारण नमुने युरोप आणि उत्तर अमेरिकेत दाटलेले असतात. कोरा भाग छापायचं धाडस फार थोडे करतात.

एवढं करूनही एक गृहीतक शिल्लक राहतंच. थर आणि आकडा यांतलं नातं सगळीकडे सारखंच आहे, असं आपण धरून चालतो. १९९६ मध्ये ब्रन्सडन, फॉदरिंगहॅम आणि चार्लटन यांनी हे गृहीतकच सोडून दिलं. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक ठिकाणासाठी रिग्रेशनचं, म्हणजे घटकांवरून आकडा काढण्याचं, समीकरण वेगळं, आणि जवळच्या नोंदींना त्यात वजन जास्त. घराच्या किमतीवर शाळेच्या जवळिकीचा परिणाम एका भागात ठळक आणि दुसऱ्यात नगण्य, असं मग नकाशावरच दिसतं. २०१७ च्या सुधारित रूपात प्रत्येक घटकाला आपापला पल्ला मिळाला. एखादा घटक गल्लीगल्लीत बदलतो, दुसरा अख्ख्या प्रदेशात सारखा राहतो. मायकेल गुडचाइल्ड आणि वेनवेन ली यांनी २०२१ मध्ये यातून एक अवघड निष्कर्ष काढला. जागेशी निगडित शास्त्रांत एका ठिकाणचा निष्कर्ष दुसरीकडे जसाच्या तसा पुन्हा सापडेल, ही अपेक्षाच सैल करायला हवी.

सीमारेषांचं त्रांगडं जुनंच आहे. ओपनशॉ आणि टेलर यांनी १९७९ मध्ये अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या ९९ काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे भाग) वेगवेगळ्या तऱ्हेनं एकत्र करून पाहिल्या. वृद्धांचं प्रमाण आणि रिपब्लिकन मतं यांतला सहसंबंध, निव्वळ गट कसे पाडले त्यावर, जवळपास उणे १ (पूर्ण उलटा) पासून जवळपास अधिक १ (पूर्ण सुलटा) पर्यंत कुठेही नेता आला. हल्ली चौकोनांऐवजी षटकोनांच्या जाळ्या लोकप्रिय आहेत. सगळे शेजारी सारख्याच अंतरावर येतात, हा त्यांचा फायदा खराच. (गोलावर निव्वळ षटकोन बसत नाहीत, कुठे तरी बारा पंचकोन घुसवावेच लागतात. ते शक्यतो समुद्रात लोटतात.) पण ओपनशॉंचा प्रश्न षटकोनांनीही सुटत नाही.

सध्या बोलबाला आहे तो पायाभूत मॉडेलांचा, म्हणजे एकदा अफाट माहितीवर शिकवून मग अनेक कामांना जुंपायच्या मॉडेलांचा. नासा आणि आयबीएम यांनी २०२३ मध्ये खुलं केलेलं असं एक मॉडेल आहे, त्याचं नाव चक्क 'पृथ्वी'. उपग्रहचित्राचे तुकडे झाकायचे आणि उरलेल्यावरून ते ओळखायला लावायचे, अशी त्याची तालीम झाली. २०२५ मध्ये गूगल डीपमाइंडनं आणलेलं 'अल्फाअर्थ' वेगवेगळ्या उपग्रहांच्या वर्षभरच्या नोंदी पिळून प्रत्येक १० मीटरच्या चौकोनाला ६४ आकड्यांत बसवतं. त्या ६४ आकड्यांवर थोडेसे नमुने घेऊन पिकांचा किंवा जमिनीच्या वापराचा नकाशा बनवता येतो. सोय मोठी आहे. पण आधी निदान पाऊस किंवा उतार असं थराचं नाव तरी ठाऊक असायचं, या आकड्यांना तसा एकेरी अर्थ नाही. आणि 'थोडेसे नमुने' पुन्हा जिथे मिळाले तिथलेच असणार, त्यामुळे वरची सगळी परीक्षा यांनाही द्यावी लागणार आहे.

म्हणून बरीच बुद्धी आता पुढचा नमुना कुठे घ्यायचा यावर खर्च होते आहे. क्रिगिंगचा इथे एक अनपेक्षित उपयोग होतो. व्हॅरिओग्राम एकदा ठरला की क्रिगिंगच्या चुकीचा अंदाज नमुने कुठे आहेत एवढ्यावरच ठरतो, त्यांत काय सापडलं यावर नाही. म्हणजे दहा नवे नमुने अमुक ठिकाणी घेतले तर नकाशा किती सुधारेल, हे मोजायला जाण्याआधीच काढता येतं. मशीन लर्निंगच्या नकाशांसाठी मिनास्नी आणि मॅकब्रॅटनी यांनी २००६ मध्ये वेगळी तऱ्हा दिली. त्यात उंची, उतार, पाऊस अशा प्रत्येक थराच्या सगळ्या पायऱ्या नमुन्यांत येतील अशा जागा संगणक निवडतो. सुरुवातीला तो बिनदिक्कत कड्यावरची आणि दलदलीतली ठिकाणं निवडायचा आणि माती आणायला गेलेली माणसं वैतागायची. पुढच्या आवृत्त्यांत रस्त्यापासूनचं अंतर आणि पोचायला लागणारा वेळ खर्च म्हणून गणितात घातला गेला. शिवाय निवडलेल्या जागी पोचता आलंच नाही, तर जवळपासची तशीच दुसरी कुठली चालेल, तेही आधीच काढून ठेवण्याच्या पद्धती आल्या आहेत.