कोंबडीखाद्यातील कोळीकीड

कोंबड्यांसाठी साठवलेल्या खाद्यात वाढणाऱ्या अतिसूक्ष्म प्राण्यांना कोळीकीड म्हणतात. पोल्ट्रीवाले त्यांना सरसकट ‘माइट्स’ म्हणतात. हे कीटक नव्हेत. कोळी, विंचू, गोचीड ज्या अष्टपाद वर्गात येतात त्याच वर्गातले हे प्राणी. अंड्यातून निघालेल्या पिलाला सहा पाय असतात, पुढच्या अवस्थांत आठ. पूर्ण वाढलेला कोळी (इथून पुढे ‘कोळी’ म्हणजे हाच प्राणी, जाळे विणणारा नव्हे) साधारण 0.3 ते 0.6 मिमी. लांब, मऊ आणि पांढुरका असतो, त्यामुळे एकटादुकटा नजरेला पडत नाही. नजरेला पडते ती त्यांची गर्दी. गोणीच्या शिवणीवर किंवा पिंपाच्या कडेला फिकट तपकिरी भुकटी साचलेली दिसते, आणि क्षणभर टक लावून पाहिले की ती हलते आहे हे कळते. जिवंत-मेलेले कोळी, त्यांची कात, विष्ठा आणि अंडी अशी ती सगळी मिसळण असते.

थंड प्रदेशांत मुख्यतः ॲकॅरस सायरो ही पिठातील कोळ्याची जात आढळते. प्राण्या-वनस्पतींना शास्त्रीय नावे देणारा स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियस याने 1758 मध्ये तिला हे नाव दिले, तेव्हा खरजेचा कोळी आणि पिठातला कोळी हे एकाच जातीचे प्रकार आहेत अशी त्याची समजूत होती. फ्रान्समधल्या मिमोलेत चीजची खडबडीत साल याच प्राण्यामुळे तयार होते. आपल्याकडच्या उबदार हवेत टायरोफॅगस प्युट्रेसेन्टी ही जात अधिक सोयीने राहते. तिला स्निग्ध आणि प्रथिनयुक्त खाणे आवडते, म्हणून सोयाबीन पेंड, शेंगदाणा पेंड आणि सुक्या मासळीची कुटी घातलेले खाद्य तिला विशेष मानवते. बुरशी तर या सगळ्यांचेच आवडते अन्न.

इथे एक गोंधळ दूर करणे गरजेचे आहे, कारण त्यापायी चुकीची औषधे वापरली जातात. कोंबडीचे रक्त पिणारा तांबडा माइट, डर्मानिसस गॅलिनी, हा वेगळा प्राणी आहे. तो दिवसा खुराड्याच्या फटींत दडतो आणि रात्री कोंबडीवर चढतो. पांढऱ्या कागदावर चिरडला तर, रक्त प्यालेला असल्यास, तांबडा डाग उमटतो. खाद्यातल्या कोळ्याचा असा डाग पडत नाही. त्याचे जबडे चिमट्यासारखे, कण कुरतडण्यासाठी असतात आणि तो कोंबडीला चावत नाही. त्यामुळे खाद्यातल्या किडीसाठी शेडभर फवारणी करणे व्यर्थ आहे, आणि शेडमध्ये फवारायचे औषध खाद्यावर मारणे तर घातकच. सोंडे, टोके आणि पतंगाच्या अळीने केलेली जाळी या साठवणीतल्या किडी उघड्या डोळ्यांना दिसतात, त्यांच्याशी गल्लत होत नाही.

कोळीकिडीचे सगळे जगणे ओलाव्यावर चालते. हा प्राणी पाण्याच्या शोधात जात नाही, हवेतूनच पाणी घेतो. त्याच्या पुढच्या पायांच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींतून क्षारयुक्त स्राव येतो, तो हवेतली वाफ ओढून घेतो आणि तोंडाकडे वाहत जातो. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण 65 ते 70 टक्क्यांच्या खाली राहिली की शरीरातून गेलेले पाणी भरून निघत नाही आणि कोळी हळूहळू सुकून मरतो. कोरड्या खाद्यात तो म्हणूनच टिकत नाही.

भारतीय मानक ब्युरोच्या आयएस 1374 या मानकानुसार कोंबडीखाद्यात ओलावा जास्तीत जास्त 11 टक्के असावा. पण मका, पेंड, भाताचा कोंडा हे सगळे पदार्थ दमटपणा शोषतात. हवेत 70 टक्के आर्द्रता असेल तर मक्याचा ओलावा 13-14 टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो. 85 टक्के असेल तर 17 टक्क्यांच्या घरात जातो. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता दिवसेंदिवस 85 टक्क्यांच्या वर असते. म्हणजे कारखान्यातून निर्दोष आलेली गोणीही तिथे तोंड उघडून ठेवली तर काही आठवड्यांत किडीला राहण्याजोगी होते. कोळ्यांच्या श्वसनातून आणखी पाणी आणि उष्णता बाहेर पडते, खाद्य अधिक ओलसर होते, बुरशी धरते. कोळी ती बुरशी खातात आणि तिचे बीजाणू अंगावर घेऊन उरलेल्या गोणीभर फिरतात.

मोठ्या शेडमध्ये खाद्य काही दिवसांतच संपते, तिथे हा त्रास मुख्यतः साठवणटाकीच्या भिंतीला चिकटून राहिलेल्या जुन्या थरापुरता असतो. खरा फटका परसातल्या कोंबड्या पाळणाऱ्यांना बसतो. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण 110 ग्रॅम खाद्य खाते. घरी दहा कोंबड्या असतील तर 50 किलोची गोणी 45 दिवस पुरते. अनुकूल हवेत कोळ्याची एक पिढी दोन-तीन आठवड्यांत पुरी होते आणि एक मादी शेकडो अंडी घालते. स्वस्त पडते म्हणून आणलेली मोठी गोणी पावसाळ्यात महाग पडते ती अशी. जून ते सप्टेंबर दोन-तीन आठवड्यांना पुरेल एवढेच खाद्य आणावे. इतर कोणत्याही उपायापेक्षा याचा उपयोग अधिक होतो.

शंका आली तर तपासणी सोपी आहे. गोणीच्या तळचे बारीक खाद्य घेऊन सपाट जागेवर टोकदार ढीग करावा आणि वारा न लागू देता 10-15 मिनिटे थांबावे. कीड भरपूर असेल तर टोक ढासळून ढीग पसरतो. दुसरी पद्धत म्हणजे पारदर्शक चिकटपट्टी गोणीच्या शिवणीवर दाबून ती काळ्या कागदावर लावायची आणि दहा पट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहायची. ॲकॅरस सायरो चिरडल्यावर पुदिन्यासारखा गोडसर वास येतो. कुबट वास मात्र बुरशीचा असतो.

कीड मक्याच्या दाण्याचा कोंब आधी खाते, म्हणजे दाण्यातला सर्वांत सकस भाग जातो. मग स्निग्धांश खवट होतो, कोंबड्या खाद्य चिवडून टाकतात आणि अंडी कमी होतात. थोडीशी कीड पोटात गेली तर कोंबडीला सहसा अपाय होत नाही. धोका सोबतच्या बुरशीचा आहे. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्कीपिल्ले बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीने मेली, आणि त्या तपासातून अफ्लाटॉक्सिन हे विष उजेडात आले. ते उन्हाने वा शिजवण्याने खात्रीने जात नाही. म्हणून गुठळ्या झालेले, कुबट वासाचे खाद्य शेळ्यांपुढेही टाकू नये, खड्ड्यात पुरावे. कीड लागलेले खाद्य हाताळणाऱ्या माणसाच्या हातांना खाज सुटते, दमेकऱ्याला धाप लागू शकते. तोंडाला फडके बांधूनच गोणी हलवावी.

जुन्या खाद्यावर नवे ओतणे ही सर्वांत सर्रास होणारी चूक. पिंप पूर्ण रिकामे करून, कडा घासून, धुऊन, कडकडीत वाळवूनच भरावे. गोण्या फरशीवर किंवा भिंतीला टेकवून न ठेवता लाकडी फळ्यांवर रचाव्यात. घट्ट झाकणाचे पत्र्याचे पिंप उत्तम, पण आत जाणारे खाद्य कोरडे हवे आणि पिंप सावलीत हवे. दिवसा तापून रात्री निवणाऱ्या पत्र्याला आतून घाम फुटतो. किडका मका कडक उन्हात ताडपत्रीवर पातळ पसरून वरचेवर खालीवर करावा, कारण कोळी तापलेला थर सोडून खाली जातात. तयार खाद्याला फार ऊन दाखवल्यास त्यातली जीवनसत्त्वे घटतात. थोडेच खाद्य असेल तर हवाबंद पिशवीत उणे 18 अंश सेल्सिअसला काही दिवस ठेवता येते. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये, नाहीतर आत दव धरते. धुरी देण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरी कदापि वापरू नयेत. त्यातून निघणारा वायू माणसाचा जीव घेतो, आणि कोळ्यांची अंडी मात्र त्याला बरीच दाद देत नाहीत.

भिंगातून पाहताना कधी कधी संथ पांढुरक्या कोळ्यांमध्ये एखादा पिवळसर, चपळ, पुढे जाड नांग्या असलेला कोळी दिसतो. तो चेलेटस एरुडिटस, इतर कोळ्यांना खाणारा. चेकोस्लोव्हाकियात रिकाम्या कोठारांत मुद्दाम सोडण्यासाठी तो वाढवला गेला होता. गोणीत तो आपोआप येतो, पण भक्ष्य पुष्कळ झाल्यावरच वाढतो. तो दिसला म्हणजे ती कीड आजकालची नाही, असे धरून गोणी बाहेर काढावी.