वसंतातलं रान आणि 'हातची' वस्तू : पार्श्वभूमी

वसंतात शहर सोडून रानावनात जायचं, पालवी बघायची आणि परतताना तिथल्याच कुणाच्या हातची टोपली, मडकं किंवा विणलेली शाल घेऊन यायची, हे आता इतकं अंगवळणी पडलं आहे की ही जोडी पूर्वापार असावी असं वाटतं. तशी ती नाही. रान बघायला आलेला माणूस आणि गावचा कारागीर यांची खरी गाठ पडली ती गेल्या दीडशे वर्षांत. त्याआधी कारागिराचं गिऱ्हाईक शेजारीच राहत होतं आणि टोपली घेताना त्याच्या मनात निसर्गसौंदर्याचा विचारही नसे.

कारागिराचं वसंताशी नातं मात्र फार जुनं, आणि ते कच्च्या मालाचं. युरोपात टोपल्यांसाठी लागणारे विलो या झाडाचे फोक, म्हणजे लवचिक कोवळ्या फांद्या, हिवाळ्यात, पानं गळल्यावर कापतात. पांढरी टोपली करायची असेल तर त्यांच्या जुड्या उथळ पाण्यात उभ्या करून ठेवतात. वसंतात रस चढून पालवी फुटली की साल लांबच लांब सुटून येते. चार आठवडे आधी हेच काम करायला गेलं तर साल चिकटून बसते. कातडी कमावण्यासाठी ओकची साल काढायची वेळही एप्रिल-मेचीच, कारण तेच. मेंढ्यांची लोकर उतरवायची ती थंडी सरल्यावर. उलट कोरणं, विणणं, कातणं ही बैठी कामं हिवाळ्यात होत, आणि रस्ते मोकळे झाले की तो माल जत्रेत येई. वसंत हा कारागिरासाठी एकाच वेळी विक्रीचा आणि पुढच्या वर्षाच्या सामानाचा काळ होता. आजच्या पाहुण्याला यातला पहिलाच भाग दिसतो.

पाहुणा कुठून आला? इंग्लंडच्या १८५१ च्या जनगणनेत पहिल्यांदाच निम्म्याहून अधिक लोक शहरात राहत असल्याचं दिसलं. तोवर स्वस्त तिकिटाच्या सहल-गाड्या सुरू होऊन दहा वर्षं झाली होती. १८७१ च्या कायद्याने बँकांना, आणि त्यांच्या पाठोपाठ इतर अनेकांना, ठरलेल्या सोमवारच्या सुट्ट्या मिळाल्या. त्यांतल्या दोन वसंताच्या दिवसांत पडत. शहर, आगगाडी आणि सुट्टी, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर गावचं हिरवं रान ही 'बघायला जायची' जागा झाली.

त्याच वेळी गावातले हुन्नर मोडत होते. कापड, भांडी, खिळे, दोर, सगळं कारखान्यातून स्वस्तात यायला लागलं होतं. यावरची प्रतिक्रिया आधी शहरातल्याच कलावंतांकडून आली. १८८७ मध्ये लंडनमधल्या अशाच काही मंडळींनी आपल्या प्रदर्शनासाठी कला आणि हस्तव्यवसाय यांना जोडणारं नाव घेतलं आणि पुढे संपूर्ण चळवळ त्याच नावाने ओळखली गेली. हाताच्या कामाला प्रतिष्ठा मिळावी हा त्यांचा हेतू सच्चा होता. पण त्यांनी केलेल्या वस्तू इतक्या महाग पडत की त्या श्रीमंतांच्याच घरी गेल्या. ज्या कामकऱ्याच्या नावाने हे सुरू झालं, त्याच्या घरात कारखान्याचीच थाळी राहिली. ही अडचण आजही सुटलेली नाही.

स्वीडनने वेगळी वाट धरली. स्टॉकहोममध्ये १८९१ साली एक खुलं संग्रहालय सुरू झालं. देशभरातली जुनी ग्रामीण घरं उचलून तिथे आणून उभी केली आणि त्यांत जुने हुन्नर चालते ठेवले. लोक झाडाखाली फिरता फिरता काम करणारा कारागीर बघू लागले. मोकळी हवा आणि कारागिराचे हात एकाच फेरीत बघायचे, ही आजच्या वासंतिक हस्तकला-मेळ्यांची मांडणी मला तरी तिथूनच आलेली दिसते. त्यात एक उणेपणही आलं: कारागीर 'बघण्याची' गोष्ट झाला.

जपानमध्ये १९२५ च्या सुमारास एक विचारवंत आणि दोन कुंभार यांनी सामान्य लोकांच्या रोजच्या वस्तूंसाठी 'मिंगेई' हा नवा शब्द घडवला. त्यांचं म्हणणं असं की खरं सौंदर्य निनावी कारागिराच्या साध्या, स्वस्त, वापरून झिजणाऱ्या वाडग्यात असतं. हे मत मला आजही सगळ्यांत पटणारं वाटतं, आणि पुढे जो गुंता झाला तो याच मुद्द्यावर झाला.

गुंता आहे 'हस्तनिर्मित' या शब्दाचा. घरात वापरताना तो सरळ आहे. कायद्यात किंवा करपत्रकात आला की तो निसरडा होतो, कारण अवजाराशिवाय जवळपास काहीच बनत नाही. चाक विजेवर फिरतं, पण मातीला आकार बोटंच देतात. मग मडकं हातचं की यंत्राचं? बहुतेक जण हातचं म्हणतील. माती यंत्रात मळली तर? फोक यंत्राने चिरले तर? मडकं साच्यातून काढून वर हाताने रंगवलं तर? मोजायचं काय, वेळ, टप्पे की कौशल्य, हेच कुणी नीट ठरवलेलं नाही.

भारतात १९९० च्या दशकात अबकारी कराच्या एका खटल्यात या शब्दाला दोन कसोट्या लावल्या गेल्या. वस्तू मुख्यत्वे हाताने केलेली असावी, यंत्राची थोडी मदत चालेल. आणि तिच्यावर नक्षी, जडावकाम किंवा तत्सम सजावट असावी, तीही नावापुरती नव्हे तर भरीव. वस्तू व सेवा कर आल्यावर २०१८ मध्ये सरकारने जी व्याख्या अधिसूचित केली, तिच्यातही ही सजावटीची अट जवळपास तशीच उतरली.

पहिल्या कसोटीबद्दल वाद घालता येईल. दुसरी मला चूकच वाटते. करवसुलीच्या दृष्टीने तिचं कारण समजतं: सीमारेषा कुठेतरी आखावी लागते आणि नक्षी डोळ्यांना दिसते. पण त्यामुळे साधं, नितळ, वर्षभर वापरायचं सूप हे पूर्ण हातचं असूनही व्याख्येच्या काठावर उभं राहतं, आणि साच्यातल्या वस्तूवर तासभर रंगकाम केलं की सजावटीची अट आरामात पुरी होते. ज्याने विणीची बरोबर ताण धरायला उमेदीची दहा वर्षं घातली, त्याचं कौशल्य त्या विणीतच आहे. वरून चिकटवलेल्या मण्यांत ते शोधणं म्हणजे त्याच्या कामाकडे पाठ फिरवणं आहे. मेळ्यांतल्या दुकानांत शोभेच्या वस्तूंची गर्दी आणि कामाच्या वस्तूंची वानवा का, याचं थोडं तरी उत्तर या विचारात आहे.

वेगळी व्याख्या अशक्य नव्हती. जपानच्या १९७४ च्या पारंपरिक हस्तव्यवसायविषयक कायद्याने पहिली अटच रोजच्या वापराची घातली. प्रक्रियेचा मुख्य भाग हाताने व्हावा, तंत्र आणि साहित्य परंपरेने आलेलं असावं (व्यवहारात शंभर वर्षं धरतात), आणि त्या भागात ते काम करणारे पुरेसे लोक असावेत, साधारण दहा व्यवसाय किंवा तीस माणसं. नक्षीचा उल्लेख कुठेही नाही. या अटी कडक आहेत, नव्या कारागिराला जाचक आहेत, हेही खरं. तरी त्यांत वाडग्याला वाडगा म्हणून जागा आहे.

१९९७ च्या ऑक्टोबरमध्ये फिलिपिन्समधल्या मनिला इथे झालेल्या आंतरराष्ट्रीय परिसंवादात एक जागतिक व्याख्या मान्य झाली. यंत्राची मदत चालेल, पण कारागिराच्या हातांचा थेट वाटा तयार वस्तूत 'सर्वाधिक' असला पाहिजे. आजही बहुतेक ठिकाणी याच वाक्याचा आधार घेतला जातो.

मग बाजार ऑनलाइन गेला. हातच्या वस्तूंसाठीच निघालेल्या एका मोठ्या संकेतस्थळाने २०१३ मध्ये विक्रेत्यांना, परवानगी घेऊन, आपला माल बाहेरच्या उत्पादकाकडून करून घ्यायची मुभा दिली. मागणी एकट्याच्या हातांना पेलत नाही ही विक्रेत्यांची अडचण खरीच होती. पण त्या दिवसापासून 'हस्तनिर्मित' म्हणजे कधी हाताने केलेलं, तर कधी नुसतं डोक्यातून निघालेलं, असे दोन अर्थ एकाच पाटीखाली नांदू लागले. रानाच्या कडेला मांडव टाकून बसलेला टोपलीवाला याच पाटीशी स्पर्धा करतो. त्याच्या बाजूने एवढंच, की तुम्ही समोर उभे असताना तो पुढचा वेढा घालून दाखवू शकतो.

भौगोलिक मानांकनाने, म्हणजे वस्तूचं नाव तिच्या मूळ प्रदेशाशी बांधून दिलेल्या कायदेशीर संरक्षणाने, त्याला थोडा आधार दिला. भारतात त्यासाठीचा कायदा १९९९ चा, अंमल २००३ पासून. युरोपीय संघात असं संघभर संरक्षण बराच काळ शेतमाल, अन्नपदार्थ आणि मद्यांनाच होतं; हस्तव्यवसायाच्या वस्तूंसाठी नियम झाला तो २०२३ मध्ये आणि लागू झाला १ डिसेंबर २०२५ पासून. त्यात हस्तव्यवसायाच्या वस्तूची व्याख्या पूर्णपणे हाताने, किंवा हाताच्या वा डिजिटल अवजारांनी, किंवा यंत्राने केलेली वस्तू अशी आहे. मनिलात हातांचा वाटा 'सर्वाधिक' हवा होता. इथे तो 'महत्त्वाचा' असला की पुरे.