आधी पडायला शिका

बेळगाव भागात मुलाला तालमीत घालणं ही जुनी रीत आहे. आनंदवाडीच्या आखाड्यात मैदान भरलं की येळ्ळूर, कडोली, कंग्राळीची माणसं दुपारपासून जागा धरून बसतात. आता याच गावांत कराटे, ज्युदो, तायक्वांदोचे वर्गही संध्याकाळी भरतात आणि तिथं मुलींची संख्याही चांगली दिसते. फी भरायला आलेले आईवडील विचारतात, यातून पोराला काय मिळणार? उत्तर ठरलेलं असतं: स्वसंरक्षण, शिस्त, आत्मविश्वास. ते खोटं नाही. पण माझ्या मते या सगळ्यांच्या आधी नाव घ्यावं अशी एक गोष्ट कुणी सांगत नाही. या विद्येत माणूस पडायला शिकतो, आणि ते शिक्षण त्याला जन्मभर पुरतं.

उभा माणूस कुशीवर पडला तर जमिनीला टेकायला एक सेकंदही लागत नाही. तेवढ्यात विचार करून काही ठरवता येत नाही, शरीराला जी सवय असेल तीच बाहेर येते. न शिकलेल्या माणसाची सवय म्हणजे हात ताठ करून पुढे टाकणं. अंगाचा सगळा भार मग तळहाताच्या बुडाशी येतो आणि मनगटापाशी हाड मोडतं. लहान मुलांत याच प्रकारानं कोपराच्या वरचं हाड मोडतं. म्हातारपणी हात पुढे टाकण्याइतकी चपळाईही उरत नाही, खुबा थेट जमिनीवर आदळतो.

यावरचा उपाय भौतिकशास्त्रात साधा आहे. पडणाऱ्या शरीराचा वेग शून्यावर यायला जितका जास्त वेळ मिळेल आणि मार जितक्या जास्त जागेवर पसरेल, तितका एकेका हाडावरचा ताण कमी. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये जपानात ज्युदो सुरू केला. त्यात नवशिक्याला फेकाफेकीच्या आधी हेच शिकवतात. हनुवटी छातीला लावायची म्हणजे डोकं मागे आपटत नाही. पाठ गोल ठेवायची, लोळण घ्यायची, आणि अंग टेकतानाच अख्खा हात तळव्यापासून कोपरापर्यंत गादीवर आपटायचा. हे शेकडो वेळा केलं की लहान मेंदूत ते असं बसतं की घसरल्याक्षणी अंग आपोआप गोल होतं.

नेदरलँड्समधल्या नायमेखन इथल्या संशोधकांनी याचं मोजमाप घेतलं. अनुभवी ज्युदोपटूंना गुडघ्यांवर बसवून कुशीवर पडायला लावलं आणि खुब्यावर बसणारा मार नोंदवला. लोळण घेऊन पडल्यावर तो नेहमीच्या पडण्यापेक्षा चौथ्या हिश्शाहून जास्त घटला. पुढच्या प्रयोगात कधीही ज्युदो न केलेल्या तरुणांना केवळ अर्धा तास शिकवलं, तरी त्यांच्या खुब्यावरचा मार कमी झाला. म्हणजे हे कौशल्य वर्षानुवर्षं घाम गाळणाऱ्यांपुरतं राखीव नाही.

आपल्या कुस्तीत गोष्ट थोडी वेगळी आहे आणि ती पालकांनी समजून घ्यावी. ज्युदोत पाठीवर नीट पडणं हा धडा, तर कुस्तीत पाठ टेकली की चितपट! त्यामुळे पैलवान हवेतल्या हवेत अंग वळवून पोटावर यायला बघतो. या वळण्यानं शरीराचं भान विलक्षण वाढतं. स्नायूंतले आणि सांध्यांतले संवेदक, आतल्या कानातला तोल सांभाळणारा अवयव आणि डोळे या तिघांचा मेळ घालायला मेंदू झटपट शिकतो. पण याच वळण्यात हात ताठ टेकण्याचा मोहही असतो. म्हणून जाणता वस्ताद मातीच्या हौद्याच्या कडेवरून ओरडत असतो, "हात ताठ टाकू नको गा, मोडंल!" ते ओरडणं शरीरशास्त्राला धरून आहे. तांबडी माती रोज फावड्यानं उकरून भुसभुशीत करायची, हेही त्याच शास्त्रातलं. मऊ माती दबते, अंगाला थांबायला जास्त वेळ देते. माती उकरायचं काम नव्या पोरांकडे येतं आणि काही घरांना ते कमीपणाचं वाटतं. वाटू नये. खांदे, पाठ आणि पकड यांची ती उत्तम मेहनत आहे.

हाडांबद्दल एक सांगायलाच हवं. हाड हे जिवंत ऊतक आहे. त्यावर भार पडेल तसं ते स्वतःला घडवतं, हे जर्मन शल्यविशारद युलिउस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलं. वयात येताना मुलामुलींची उंची भराभर वाढते, त्याच्या आसपासच्या दोन वर्षांत मोठेपणीच्या हाडांतल्या खनिजाचा जवळजवळ चौथा हिस्सा जमा होतो. मुलींत हा काळ साधारण बाराव्या-तेराव्या वर्षी येतो, मुलांत चौदाव्याच्या सुमाराला. नेमक्या त्याच वयात "आता मोठी झालीस" म्हणून मुलीचा खेळ बंद करणारी घरं आपल्याकडे आजही आहेत. पन्नाशीनंतर हाडं झिजायला लागतात तेव्हा हीच साठवण कामाला येते. ती भरायचा हंगाम आपण स्वतःच्या हातानं वाया घालवतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता मनाकडे. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बालवर्ग ते पाचवीच्या २०७ मुलांचे गट पाडले. काहींना नेहमीचा शारीरिक शिक्षणाचा तास, काहींना तायक्वांदो. तीन महिन्यांनी तायक्वांदोच्या मुलांचा स्वतःवरचा ताबा, वर्गातली वागणूक आणि तोंडी गणितातली कामगिरी जास्त सुधारली होती. तिथं मुलांना स्वतःला विचारायला शिकवत: मी कुठं आहे, काय करतोय, आणि काय करायला हवं?

मात्र लढाई शिकली की मूल आपोआप शांत होतं, असं समजू नये. १९८६ चा आणखी एक अमेरिकी अभ्यास गुन्हेगारीकडे झुकलेल्या किशोरांवर झाला. एका गटाला पारंपरिक तायक्वांदो शिकवला: ध्यान, आदर, संयम यांसकट. दुसऱ्याला फक्त मारामारीचं तंत्र. सहा महिन्यांनी पहिल्या गटाची आक्रमकता घटली, दुसऱ्याची वाढली! नॉर्वेत मुलग्यांवर झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीतही कुस्ती, बॉक्सिंग, वजन उचलणं अशा ताकदीच्या खेळांत गेलेल्यांचं वागणं बिघडल्याचं दिसलं. मला यातून कळतं ते असं, की डावापेक्षा शिकवणारा महत्त्वाचा. सलामी, वस्तादाच्या पाया पडणं, जोडीदार दुखावला की तत्क्षणी पकड सोडणं, हे वरवरचे उपचार वाटतात. पण हात चाललेला असताना थांबता येणं हा मेंदूच्या पुढच्या भागाचा व्यायाम आहे, आणि तालमीत तो रोज होतो.

मोठ्यांनी "आमचं वय गेलं" म्हणू नये. चिनी युद्धकलेतून आलेल्या, संथ हालचालींच्या ताई चीवर २०१८ मध्ये अमेरिकेतला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सत्तरी ओलांडलेल्या ६७० माणसांचा. आठवड्यातून दोनदा, सहा महिने. नुसते हातपाय ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेत ताई चीच्या गटाचं पडणं ५८ टक्क्यांनी कमी झालं. खानापूर तालुक्यात पावसाळ्यात अंगणात, विहिरीच्या काठावर शेवाळ धरतं. तिथं राहणाऱ्या आजी-आजोबांसाठी या आकड्याचा अर्थ फार मोठा आहे.

वर्ग निवडताना पहिल्या दिवशी पैसे भरू नका, एक तास बाजूला बसून बघा. नव्या मुलाला पडायला शिकवतात की थेट लढतीत उतरवतात? डोक्यावर मार बसणाऱ्या लढती लहान वयात नकोतच, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही २०१६ मध्ये हेच सांगितलं. गजकर्ण किंवा अंगावर उघडी जखम असलेल्या मुलाला त्या दिवशी लढतीला घेत नाहीत ना, तेही पाहा. वजनगटात बसवण्यासाठी पाणी पिणं बंद करायला सांगणाऱ्यापासून मूल दूर ठेवा. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत असं वजन उतरवताना महाविद्यालयीन तीन कुस्तीगीर काही आठवड्यांच्या अंतरानं दगावले, त्यानंतर तिथले नियम बदलले. आणि ज्यांची हाडं ठिसूळ झाली आहेत त्यांनी हा लेख वाचून घरच्या फरशीवर लोळण घेऊन बघू नये. डॉक्टरांना विचारून, जाड गादीवर, शिकवणारा शेजारी असताना, आधी बसल्या जागेवरून सुरुवात करावी.