हेअरपिनने कुठलंही कुलूप उघडतं?

नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ‘हेअरपिनने कुठलंही कुलूप उघडतं’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. अर्धंच खरं आहे ते. स्वस्तातल्या कुलपात आतल्या पिना (योग्य किल्लीशिवाय कुलूप अडवून धरणाऱ्या बारीक दांड्या) ढिल्या बसतात, सराईत हाताला ते जमतं. पण फिरत्या चकत्यांच्या (डिस्क) कुलपात पिनाही नसतात, स्प्रिंगाही नसतात. किल्ली फिरली की प्रत्येक चकती आपापल्या कोनात यावी लागते. तिथे हेअरपिन नुसती वाकते. कुणालाच उघडत नाही म्हणून गाजलेलं लंडनचं ब्रामा कुलूप १८५१ मध्ये हॉब्ज या अमेरिकन कुलूपवाल्याने उघडलं खरं, पण खास घडवलेली हत्यारं घेऊन, १६ दिवसांत मिळून ५१ तास खपून! चोर कशाला एवढा खपतोय? तो पहारीने सरळ कडीकोयंडा उचकटतो. तेव्हा कुलपाआधी कोयंड्याचे स्क्रू बघा. अर्ध्या इंचाचे असतील तर आधी ते बदला.