तरंगते बदकघर : मागणी नोंदवण्यापूर्वी वाचावयाचे माहितीपत्रक

तळ्यावर बदकांसाठी तरंगता निवारा हवा, असे म्हणून येणारे बहुतेक ग्राहक सोबत छपराचे चित्र घेऊन येतात आणि उतरते की सपाट, रंग कोणता, खिडकी असावी की नसावी, यावरच बराच वेळ बोलणे होते. आमच्या मते छपराचा विचार सर्वांत शेवटी करावा. निवारा तरंगत राहील की एका बाजूला कलंडेल, हे फळ्यांच्या खाली काय बसवले आहे यावर ठरते, आणि आतली बदके सकाळपर्यंत सुखरूप राहतील की नाही, हे दारावर ठरते.

वजनाचा हिशेब

तरंगणारी वस्तू जितके लिटर पाणी बाजूला सारते, तितक्याच किलोचा भार गोड्या पाण्यावर पेलते. हा नियम सोपा असला, तरी भार मोजताना नेहमी काहीतरी सुटते. उदाहरणादाखल, मध्यम जातीच्या सहा बदकांसाठी २.४ मीटर लांब व १.५ मीटर रुंद तराफा घेतला, तर चौकट आणि फळ्या मिळून साधारण ६० किलो, वरचे घर ४५ किलो, ड्रमचे स्वतःचे वजन २० किलो, बदके १८ किलो आणि अंथरूण व विष्ठा मिळून १० किलो, असा भार होतो. लाकूड पाणी पिऊन जड होते, ही गोष्ट मात्र बहुतेकांच्या हिशेबातून राहून जाते. तिच्यासाठी आणखी वीसेक किलो धरल्यास एकूण भार १७५ किलोच्या आसपास जातो. अशा तराफ्याला आम्ही चार कोपऱ्यांना प्रत्येकी १०० लिटरचे चार बंद ड्रम आडवे बांधतो, म्हणजे रोजच्या वापरात ड्रम अर्ध्याहून थोडे कमी बुडतात. ही चैन नव्हे. ७५ किलो वजनाचा माणूस साफसफाईसाठी एका कोपऱ्यावर उभा राहिला, तर त्याच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग त्याच कोपऱ्यावर येतो आणि तिथला ड्रम जवळजवळ पूर्ण बुडतो. म्हणून तराफा काठाला ओढून, टेकवून मगच त्यावर पाय ठेवावा.

ड्रम खाद्यपदार्थांच्या साठवणुकीचेच असावेत. रसायनांचे जुने ड्रम कितीही धुतले तरी आम्ही वापरत नाही. बूच नेहमी वरच्या अंगाला, पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावे. दिवसा उन्हाने ड्रममधील हवा फुगते आणि रात्री आकसते. त्या वेळी सैल बुचाजवळ पाणी असेल, तर ते थेंबाथेंबाने आत ओढले जाते आणि काही महिन्यांनी एक कोपरा कारण न कळता खाली गेलेला दिसतो. ड्रमऐवजी फोम वापरायचा असल्यास पाणी न शोषणारा, घट्ट पेशींचा फोम घ्यावा आणि तो सर्व बाजूंनी झाकावा. उघडा थर्माकोल बदके टोचून टोचून खातात, आणि उरलेला चुरा तळ्यात पसरतो.

घराची उंची तराफ्याच्या रुंदीच्या निम्म्याहून कमी ठेवावी. बदकांना ६० सेंटिमीटर उंची पुरते. त्याहून उंच भिंत शिडासारखा वारा धरते.

नांगर आणि दोर

एकाच दोराने बांधलेला तराफा वाऱ्याबरोबर गोल फिरतो, दोराला पीळ पडतो आणि दाराचे तोंड नेमके वाऱ्याकडे येते. त्यामुळे समोरासमोरच्या बाजूंना दोन नांगर टाकावेत. काँक्रीटचा ठोकळा नांगर म्हणून चांगला, पण हवेत २० किलो भरणारा ठोकळा पाण्याखाली जेमतेम १२ किलोचा उरतो, हे लक्षात घेऊनच त्याचे वजन ठरवावे. दोराची लांबी तळे काठोकाठ भरलेले असतानाच्या खोलीच्या दीडपट तरी हवी. आखूड दोर कोरड्या दिवसांत ठीक दिसतो. मुसळधार पावसाने पातळी वाढली की तोच तराफ्याची एक कड खाली धरून ठेवतो. पॉलिप्रॉपिलिनचा दोर पाण्यावर तरंगतो आणि त्यात बदकांचे पाय अडकतात, म्हणून बुडणारा नायलॉनचा दोर घ्यावा.

चढण, जमीन आणि हवा

पाळीव बदकांचे, विशेषतः जड जातींचे, पाय शरीराच्या मानाने नाजूक असतात. चढणीची फळी ३० सेंटिमीटर तरी रुंद व मंद उताराची असावी आणि तिचे खालचे टोक पाण्यात पुरेसे बुडालेले असावे, म्हणजे बदक पोहत येऊन सरळ चालू लागते. टोक पाण्याच्या वर राहिले, तर बदक छातीने त्यावर आदळते आणि दोन-तीनदा असे झाले की ते तिकडे फिरकत नाही. फळीवर आडव्या पट्ट्या ठोकाव्यात. त्यांच्या कडा मात्र घासून गुळगुळीत कराव्यात, कारण तळपायात कूस गेली की तेथे गळू धरते व ते लवकर बरे होत नाही.

आत प्रत्येक बदकामागे निदान ०.३ चौरस मीटर जागा धरावी. बदकांच्या श्वासातून आणि विष्ठेतून बरीच ओल साचते, त्यामुळे छपराच्या लगेच खाली, बदकांच्या डोक्याच्या वर, समोरासमोर झरोके ठेवणे आवश्यक आहे.

काम संपल्यावर तराफ्यावरून चुंबक फिरवून जाळीचे तुकडे व खिळे उचलावेत. बदके चमकणारी बारीक वस्तू गिळतात आणि जस्ताचा मुलामा दिलेली तार पोटात झिजून विषबाधा होते. स्टेनलेस स्टीलच्या अनेक स्क्रूंना चुंबक धरत नाही, तेव्हा शेवटचा हात डोळ्यांनी पाहूनच फिरवावा लागतो.

रात्रीची राखण

चारही बाजूंना पाणी आहे म्हणजे बदके सुरक्षित आहेत, हा समज आम्ही प्रत्येक ग्राहकापाशी आधीच दूर करतो. पाणमांजरे उत्तम पोहतात, कोल्हेही पोहू शकतात, घुबडाला पाण्याची अडचण नाही, आणि जेथे तळे गोठते तेथे हिवाळ्यात बर्फावरून कोणीही चालत येते. रोज संध्याकाळी दार बंद करणे शक्य नसेल, तर तरंगते घर घेऊ नये. काठावरचे भक्कम खुराडे बरे. दाराला मजबूत कडी आणि झरोक्यांना १२ मिलिमीटरची वेल्डेड जाळी लावावी. कोंबड्यांची षटकोनी पातळ जाळी शिकारी प्राणी फाडतात. दार बंद ठेवण्याचा आणखी एक फायदा असा, की बदके बहुधा पहाटे अंडी घालतात. त्यांना उशिरा सोडल्यास अंडी तळ्याच्या तळाशी न जाता पेंढ्यात मिळतात.

नव्या घरात बदके आपण होऊन जात नाहीत. पहिले काही दिवस तराफा काठाला लावून ठेवावा, संध्याकाळचे खाणे त्यावरच द्यावे आणि मग तो थोडा थोडा आत सरकवावा. रात्री मात्र आत दाणे ठेवू नयेत, त्याने उंदीर येतात. आईविना वाढवलेल्या पिल्लांची पिसे पाणी झटकत नाहीत व ती गारठून मरतात. पूर्ण पिसे येईपर्यंत त्यांना येथे सोडू नये.

भिजलेले अंथरूण काठावर आणून खताच्या खड्ड्यात टाकावे. ते तळ्यात लोटले, तर शेवाळ माजते आणि उन्हाळ्यात साचलेल्या, प्राणवायू कमी झालेल्या पाण्यात बदकांना घातक असे जिवाणू वाढतात.

मागणी नोंदवताना तळ्याची भर पावसातली व ऐन उन्हाळ्यातली खोली, बदकांची जात व संख्या, आणि तराफा कोणत्या काठापर्यंत ओढून आणता येईल, एवढी माहिती कृपया लेखी द्यावी. सर्वांत कमी पाणी असतानाही खोली ६० सेंटिमीटरच्या खाली जात असेल, तर तसे आधी कळवावे, म्हणजे ड्रमऐवजी उथळ पाण्याला चालणारी बांधणी सुचवता येईल.