सूर्याची गुरुत्व-आंदोलने

सूर्याच्या अंतर्भागातील, पृष्ठभागापर्यंत जेमतेम पोहोचणारी मंद आंदोलने. गुरुत्वीय लहरींशी यांचा संबंध नाही. वर किंवा खाली सरकलेल्या वायूला उत्प्लावक बल मूळ जागी परत आणते, त्यातून ही उद्भवतात. त्यांचे आवर्तकाल पाऊण तासापासून अनेक तासांपर्यंत असावेत, असे सिद्धांत सांगतो.

१९६०च्या सुमारास अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट लेटन यांनी माउंट विल्सन वेधशाळेत टिपलेली पाच मिनिटांची आंदोलने ध्वनिलहरींची असतात. त्यांच्यावरून संवहन थराचा, म्हणजे तापलेला वायू खालीवर घुसळत राहतो त्या बाहेरच्या थराचा, तळ केंद्रापासून त्रिज्येच्या सुमारे ७१ टक्के अंतरावर असल्याचे कळले. परंतु गाभ्यात ध्वनीचा वेग फार असल्याने या लहरी तेथून झटकन निघून जातात आणि गाभ्याविषयी थोडेच सांगतात. गुरुत्व-आंदोलने मात्र तेथेच कोंडलेली असतात. संवहन थरात त्यांना परत खेचणारे बलच नसल्यामुळे ती वर येता येता विरतात व पृष्ठभागावर त्यांचा वेग सेकंदाला काही मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी उरतो, तर तेथील वायूची खळबळ सेकंदाला किलोमीटरच्या घरातली असते.

ग्वाल्हेरच्या वाचकाला तंबोऱ्याचा दाखला पटेल. तारेखालचा जवारीचा दोरा नेमका बसला, की खर्जाच्या तारेतून कोणी न छेडलेला गांधार ऐकू येतो. पण तो ऐकण्यास आतुर झालेल्या कानाला दोरा चुकलेला असतानाही त्याचा भास होऊ शकतो. १९७६ साली क्रिमियातील व बर्मिंगहॅमच्या निरीक्षकांनी जाहीर केलेले १६० मिनिटांचे आंदोलन याच जातीचे ठरले. १६० मिनिटे म्हणजे दिवसाचा बरोबर नववा भाग. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात जानेवारीच्या धुक्यात उशिरापर्यंत सूर्याची फिकट चकतीच दिसते. धुके नसले तरी रात्र टळत नाही, आणि अशा दैनिक खंडांतून व हवेच्या बदलांतून खोटे आवर्तन उपजते.

खंड टाळण्यासाठी जगभर सहा ठिकाणी दुर्बिणींची साखळी उभारली गेली; त्यांपैकी एक उदयपूरला आहे. डिसेंबर १९९५ मध्ये सोडलेले सोहो यान तर पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरून सूर्याकडे अखंड पाहते. त्याच्या साडेसोळा वर्षांच्या नोंदींवरून एरिक फोसा व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये गुरुत्व-आंदोलनांचा संकेत सापडल्याचा आणि त्यावरून गाभा आठवड्यात स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करतो, असा दावा केला. पुढील दोन वर्षांत इतरांनी तेच गणित तपासले, तेव्हा नोंदींचा आरंभक्षण किंचित बदलताच तो संकेत डळमळतो, असे आढळले.